बेटावरचे बिऱ्हाड

आमच्या घरात काळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. दुधाची वही, धोब्याची वही, वाण्याची वही अशा पुष्कळ वह्या आमच्या संसारात आल्या नि रद्दीत गेल्या. ही मात्र वीस वर्षे टिकून आहे. तिच्यावर मी वळणदार अक्षरात 'बेट' एवढेच लिहिले आहे. आमची ही तिला 'ह्यांचे पंचांग' म्हणते. पंचांगात निदान ग्रहणे तरी वेळेवर लागतात, तुमच्या वहीत काहीच लागत नाही, असेही ती वर म्हणते.

ह्या वहीचा उगम एका कॅलेंडरात आहे. आमच्या कचेरीला कागद पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने दिवाळीला ते भेट दिले होते. त्यावर निळे पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड आणि माडाखाली एक रिकामी खुर्ची. समोर फायलींचा ढीग, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि भिंतीवर ती रिकामी खुर्ची! वर्ष संपले, पण ते पान मी घरी आणून वहीत चिकटवले. ह्या खुर्चीत आपण बसायचे, असे त्या दिवशी ठरले. आपण म्हणजे मी. हिला विचारायचे राहून गेले, हे पुढे फार महागात पडले.

बेटे तशी आपल्याकडेही आहेत. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो आणि बाहेरच्या माणसाला तेथे जमीन मिळत नाही. अंदमान आपलेच. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले. पण दुखणे जरा मोठे निघाले की चेन्नईचे विमान गाठायचे. वहीतली ही दोन पाने मी लवकरच उलटली. तिसऱ्या पानावर मॉरिशस होते आणि तेथे मी अडकलो, कारण त्या बेटावर मराठी माणसे आहेत. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर राबायला गिरमिटावर जे लाखो हिंदी लोक गेले, त्यांतले काही हजार मुंबई बंदरातून गेले होते, आणि त्यांतले पुष्कळसे रत्नागिरीकडचे. त्यांच्या वंशजांना तेथे आजही 'मराठी' म्हणूनच ओळखतात. शाळेत मुलांना मराठी विषय घेता येतो. गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. परदेश म्हणावा तर परदेश, आणि मोदक म्हणावा तर मोदक. निवृत्त माणसाला आणखी काय हवे?

पैशाच्या बाजूने मी सहा महिने अभ्यास केला. परीक्षेला एवढा केला असता तर आज कुठल्या कुठे असतो! पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला तो देश दहा वर्षांचा निवास-परवाना देतो, आणि नवराबायकोंपैकी एकाला मिळाला की दुसऱ्यालाही राहता येते. अट अशी की ठरावीक रक्कम बाहेरून दरमहा तेथील बँकेत आणली पाहिजे. २०२० साली ही रक्कम महिना दीड हजार डॉलर ठेवली होती. ती पुढेमागे होत असते, म्हणून जाणाऱ्याने जुन्या कात्रणावर विसंबू नये. दीड हजार डॉलर म्हणजे आपले सव्वा लाखाच्या वर. माझे पेन्शन एकटे एवढी मजल मारत नाही. पण पेन्शन, हिचे मास्तरकीचे पेन्शन आणि पुण्यातला फ्लॅट विकून येणाऱ्या रकमेचे व्याज अशी तिघांची मोट बांधली की गाडे चालत होते. फ्लॅट विकून, हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत.

आता खरी मेख ऐका. पैसे बाहेर नेण्याला आपल्या रिझर्व्ह बँकेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. तिची आपल्याला काय भीती! पण वर्षाला दहा लाखांपेक्षा अधिक रुपये अशा कारणासाठी पाठवले तर वरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच कापून घेते. २०२५ च्या एप्रिलपूर्वी हीच रेषा सात लाखांवर होती. कापलेला पैसा विवरणपत्र भरल्यावर वळता होतो हे खरे, पण तोवर वर्षभर अडकतो. नवराबायकोंनी आपापल्या खात्यातून निम्मे निम्मे पाठवले की ही कात्री बहुधा लागतच नाही. ही युक्ती हिने सुचवली. "अर्धे माझ्या नावाने पाठवा, म्हणजे अर्ध्या बेटावर माझा हक्क," असेही म्हणाली. तेव्हा मी हसलो होतो.

दुसरी मेख अशी. वर्षातला बहुतेक काळ बाहेर राहिले की आपण कायद्याने 'अनिवासी' होतो. मग बँकेतले साधे खाते बदलून घ्यावे लागते, त्यातल्या व्याजावर कर जबर कापला जातो, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत नवे खाते उघडता येत नाही. साठीनंतर सरकार जे काही चार लाड करते त्यांतला एक येथेच संपतो. शिवाय दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला आहेच. माणूस बेटावर असो की ब्रह्मलोकी, आपण जिवंत असल्याचे कळवावेच लागते.

घर विकत घेण्याचा विचार मी लवकर सोडला. परदेश्याला तेथे मनाला येईल तेथे जमीन घेता येत नाही. सरकारने नेमून दिलेल्या योजनांतली घरे घेता येतात, नाहीतर दोन मजल्यांहून उंच इमारतीतला फ्लॅट, आणि तोही साठ लाख मॉरिशस रुपयांच्या खालचा नाही. तेथील रुपया आपल्या रुपयाच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा भाड्याचे घर, हाच मार्ग.

सगळे जुळले. फ्लॅटला गिऱ्हाईकही आले. दलालाने १ मार्चपर्यंत होय की नाही सांगा म्हणून बजावले. बंगलोरच्या चिरंजीवांनी फोनवर फक्त "बाबा, आईला विचारलंत का?" एवढेच विचारले. मी म्हटले, विचारतो. विचारले. ती म्हणाली, "तुम्ही समुद्र बघणार. मी काय बघू? माझ्या भिशीच्या बायका तिथं आहेत का? माझा गुडघा दाखवायला डॉक्टर आहेत का? आधी दोन महिने राहून बघू, आणि तेही वाईट दिवसांत." शाळेत तीस वर्षे मुलांना तोंडी परीक्षेत पकडलेली बाई. वाईट दिवसांत, हे शब्द तिचे. परदेशी राहू इच्छिणाऱ्या कोणालाही मी आज हाच सल्ला देईन.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, तेव्हा आपल्या उलट. मे ते ऑक्टोबर तेथे थंडी, कोरडी हवा, सगळी छायाचित्रे तेव्हाची. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा, पाऊस आणि वादळे, त्यांतही जानेवारी ते मार्च सर्वांत वाईट. आम्ही जानेवारीच्या मध्यावर निघालो. भारतीयांना विमानतळावरच साठ दिवसांपर्यंतचा प्रवेश फुकट मिळतो. मुंबईहून सहा-एक तासांत माणूस तेथे पोहोचतो आणि घड्याळ दीड तास मागे करतो. निवृत्त माणसाला फुकटचा दीड तास! मी तो झोपेत घालवला.

पहिले बिऱ्हाड आम्ही पठारावर, क्युरपिपला केले. ती माझी चूक. साडेपाचशे मीटर उंची, थंड हवा, स्वस्त भाडे, असे वहीत लिहिलेले. वहीत न लिहिलेली गोष्ट म्हणजे पाऊस. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला हजार मिलिमीटरही पडत नाही, आणि तासाभराच्या अंतरावर पठारावर काही ठिकाणी तो चार हजारांच्या घरात जातो. आठ दिवसांत माझ्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी आली. हिचा गुडघा कुरकुरू लागला. नवव्या दिवशी आम्ही टॅक्सीत सामान घातले आणि घाट उतरून पश्चिम किनाऱ्यावर आलो, फ्लिक-आँ-फ्लाकजवळ. अर्ध्या रस्त्यात ढग संपले. एवढ्याशा बेटावर दोन हवामाने! तेव्हा घर पाहताना बेट कोणते ह्यापेक्षा बेटाची बाजू कोणती हे आधी पाहावे.

नवे घर म्हणजे एका वृद्ध गृहस्थांच्या घराचा वरचा मजला. सपाट सिमेंटचे छप्पर, छपरावर पाण्याची टाकी, खिडक्यांना जाड दारे. तेथे बहुतेक घरे अशीच ठोकळ्यासारखी दिसतात. मला ती कुरूप वाटली. मालक म्हणाले, १९६० पूर्वी अशी नव्हती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत 'कॅरोल' नावाचे वादळ आले, लाकडाची नि पत्र्याची घरे पाचोळ्यासारखी उडाली, आणि त्यानंतर देश सिमेंटचा झाला. वादळाच्या वेळी ते लहान मूल होते. आईने आपल्याला जड पलंगाखाली ढकलले, एवढे त्यांना आठवते.

हे गृहस्थ मराठी. आमच्याशी मात्र ते हिंदीत बोलत, मधे भोजपुरी मिसळत, घरात सुनेशी क्रिओल. मराठीतले त्यांचे शब्द बोटांवर मोजण्याइतके: आई, देव, पाणी, भाकर. पण गणपतीची आरती सबंध पाठ! अर्थ विचारला तर लाजून हसत. त्यांच्या आडनावाची गोष्टही तशीच. मळ्यावर आलेल्या पूर्वजाचे नुसते नाव कारकुनाने लिहून घेतले आणि तेच पुढे घराण्याचे आडनाव झाले. खरे आडनाव समुद्रात बुडाले. गणपतीत बायकापुरुष नाचतात त्याला ते 'झाकरी' म्हणतात. आपल्या कोकणातली जाखडीच ती. हिने त्यांच्या सुनेला दोन पावले करून दाखवली, गुडघ्यासकट. त्या दिवसापासून आमचा खालचा जिना एकसारखा वाजू लागला.

माझ्या खुर्चीचे काय झाले? खुर्ची मिळाली. माडही मिळाला, जरी किनाऱ्यावर सुरूची झाडेच अधिक. पहिले आठ दिवस मी स्वर्गात होतो. प्रवाळाच्या कड्याने समुद्र बाहेर अडवून धरलेला, आतले पाणी तळ्यासारखे शांत. फक्त पायात रबरी बूट हवेत, कारण दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा तळाशी पडलेला असतो. नवव्या दिवशी मी वर्तमानपत्र शोधले. ते फ्रेंच. दहाव्या दिवशी खुर्ची सावलीत सरकवली. पंधराव्या दिवशी माझ्या ध्यानात आले की सकाळपासून मी कोणाशी एक अक्षर बोललो नाही. हिला विचारावे तर ही घरात नाही. ती कास्कावेलला गेली होती. तेथे विठ्ठल-रखुमाईचे देऊळ आहे. देवळातल्या बायकांनी तिला मुलींना बाराखडी नि श्लोकांचे उच्चार शिकवायला बोलावले होते. तीस वर्षांची मास्तरीण, तिला वर्ग मिळाला! बसमध्ये बायका तिला 'तांतीं' म्हणून हाक मारीत. क्रिओलमध्ये मावशीला असे म्हणतात. मला कोणी काहीच म्हणत नव्हते.

खाण्याची आबाळ मात्र दोघांचीही झाली नाही. नाक्यानाक्यावर 'ढोलपुरी' मिळते: चण्याच्या डाळीचे सारण भरलेली पातळ पोळी, आत घेवड्याची उसळ, वर तिखट लोणचे. आपल्या पुरणपोळीची तिखट चुलत बहीण म्हणा. भेंडी 'लालो' म्हणून मागावी. तांदूळ, पीठ, डाळी, दुधाची पूड, सगळे बाहेरून येते, म्हणून वाणसामान महाग. भाजी, मासे नि बसभाडे त्या मानाने सोसवते. तेथल्या वृद्धांना २००५ पासून बसप्रवास फुकट आहे. आम्ही पाहुणे, आम्हाला तिकीट. कंडक्टर माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून पुढे जाई, आणि मी प्रामाणिकपणे त्याला परत बोलावून पैसे देई. हिच्या मते ह्यात प्रामाणिकपणापेक्षा कोणाशी तरी बोलण्याची हौस अधिक होती.

फेब्रुवारीच्या शेवटी वादळाची बातमी आली. तेथे इशाऱ्याचे चार दर्जे असतात. पहिल्याला सामान भरायचे, दुसऱ्याला खिडक्या बंद करायच्या, तिसऱ्याला कोणी घराबाहेर पडायचे नाही, आणि चौथ्याला वारा येऊन ठेपलेला असतो. संध्याकाळी तिसरा लागला. दुकाने बंद, बस बंद, विमानतळ बंद. मालकांनी छपरावरची टाकी दोरखंडाने बांधली आणि आम्हाला दोन बादल्या पाणी भरून ठेवायला सांगितले. रात्री दहाला वीज गेली. वाऱ्याचा आवाज मी ऐकला होता, पण वाऱ्याने भिंतीला धक्के दिलेले प्रथमच अनुभवले.

एकच्या सुमाराला माझ्या छातीत दुखू लागले.

लिहिताना आता हसू येते, पण त्या रात्री हसण्याजोगे काही नव्हते. घाम फुटला, डावा हात जड झाला, निदान मला तसे वाटले. हिने काही न बोलता मेणबत्ती लावली आणि खाली जाऊन दार ठोठावले. मालकांनी रुग्णवाहिकेसाठी ११४ नंबर फिरवला. गाडी येईल, पण रस्त्यावर झाडे पडली आहेत, वारा जरा उतरू द्या, असे उत्तर मिळाले. मग ते वृद्ध गृहस्थ वर आले, माझ्या उशाशी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. पहाटेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. मधूनमधून आरतीतल्या ओळी पुटपुटत होते, अर्थ ठाऊक नसलेल्या. त्या अंधारात माझ्या मनात काय चालले होते सांगू? फ्लॅट. १ मार्च. मी गेलो तर हिने परत कोणत्या घरी जायचे? वीस वर्षांच्या वहीत ह्या प्रश्नाला एकही पान नव्हते. ही पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून होती. एकदाच म्हणाली, "अहो, जागे राहा." बस्स.

सकाळी वारा दक्षिणेकडे निघून गेला. गाडी आली, एका खासगी दवाखान्यात नेले. तेथे नाडीच्या आधी त्यांनी अनामत रकमेला हात घातला. आमचा आरोग्यविमा भारताबाहेरचा खर्च देत नाही, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरात होते आणि मी मोठी अक्षरेच वाचली होती. आलेख काढला, रक्त तपासले. डॉक्टर कर्नाटकात शिकून आलेले, मोठे प्रेमळ. म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, आदल्या दिवशी काय खाल्ले होते? चार ढोलपुऱ्या आणि मिरचीचे लोणचे, मी खाली मान घालून सांगितले. जाताना ते सहज बोलून गेले, "हृदयाचे खरेच मोठे काही निघाले असते तर कदाचित तुम्हाला भारतातच पाठवावे लागले असते. आमचे सरकारही कठीण रोगी तिकडेच पाठवते."

दुपारी मी दलालाला फोन करून नाही म्हणून कळवले. तो चिडला. चिरंजीव मात्र बराच वेळ बोलले.

मला वाटले, आता ही सुटकेचा श्वास टाकून सामान बांधील. बांधले, पण तोंड एवढेसे करून. म्हणाली, "मुलींची जोडाक्षरं अजून व्हायची आहेत." मग आम्ही तेथेच कागद घेऊन बसलो. फ्लॅट ठेवायचा. दहा वर्षांचा परवाना काढायचा नाही. दर वर्षी साठ दिवसांच्या आत जाऊन यायचे, ह्यापुढे जुलैत, फ्लॅटला कुलूप लावून. अनिवासी व्हायचे नाही, म्हणजे बचत योजना वाचते. परदेशात चालणारा वेगळा विमा निघण्यापूर्वी काढायचा. खर्च निम्माही नाही. हिशेब तिचा, अक्षर माझे.

निघायच्या आदल्या रात्री मालक वर आले. हातात एक कागद, जपून घडी केलेला. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची जुनी दप्तरे आहेत. तेथून त्यांनी आपल्या पणजोबांच्या नोंदीची नक्कल काढून आणली होती. नाव, बापाचे नाव, वय, उंची, कपाळावर जखमेची खूण. जिल्हा रत्नागिरी. तालुक्याच्या रकान्यात डाग. गावाच्या रकान्यात इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले ते लिहिलेले, कोलंबा की कोलंबी, धड लागत नाही. हिने चष्मा लावून तो शब्द तीन-चार तऱ्हांनी मोठ्याने वाचला. म्हातारबुवा प्रत्येक उच्चार तिच्यामागून म्हणत होते, वर्गातल्या मुलासारखे.

कोळंबे नावाची गावे रत्नागिरी जिल्ह्यात एकाहून अधिक आहेत. कोळिसरे आहे, कोळथरे आहे. 'बेट' वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ही चारी-पाची नावे आम्ही लिहून काढली आहेत, तालुक्यांसकट. फराळाचे डबे रिकामे झाले की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने निघायचे ठरले आहे. ह्या खेपेला हिला आधीच विचारले. तिकिटेही तिनेच काढली.